कावळ्याला विचारलेलं कॉलेज

कॉलेजच्या ओळखपत्रावरच्या फोटोत माझ्या डोक्यावर केस नाहीत. ते ओळखपत्र गळ्यात घालून मी पदवीपर्यंत हिंडलो. वाचनालयाच्या दारावरचा शिपाई दरवेळी आधी फोटोकडे, मग माझ्याकडे आणि मग पुन्हा फोटोकडे बघायचा. प्रवेशाच्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी विचारलं होतं, "तिरुपती का?" मी "नाही" म्हटलं. मग त्यांनी अर्जात वडिलांच्या नावाआधी लिहिलेलं 'कै.' वाचलं आणि पुढचं काही विचारलं नाही. शिक्का मात्र जरा हळू मारला.

रसायनशास्त्र शिकायला हेच कॉलेज का निवडलं, असं पुढे मला पुष्कळांनी विचारलं. मुलाखतींतही विचारतात. तिथे मी प्राध्यापक, प्रयोगशाळा, ग्रंथालय अशी उत्तरं देतो. ती खोटी नाहीत. पण त्या निवडीत एक कावळा होता, हे मी आजवर कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही.

बाबा तळोज्याच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते, माल तपासायच्या विभागात. पिंपाचं झाकण उघडलं की यंत्राला विचारायच्या आधी ते नाकाला विचारायचे. घरी आले की शर्टाला थिनरचा वास असायचा. लहानपणी मला तो वडिलांचाच वास वाटे. दुसऱ्या मुलांच्या वडिलांना तो का येत नाही, याचं मला नवल वाटायचं आणि थोडी कीवही यायची.

बोलणं कमी. जेवताना तर नाहीच. आमचं मूळ घर विचुंब्याचं. तिथे शेतावरून आलेले पुरुष पानावर बसले की कुणी बोलत नसे. ती सवय बाबांनी नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये तशीच आणली होती. जेवताना कुणी काही विचारलं तर ते हातातला घास हातातच धरून थांबत, समोरच्याचं बोलून संपेपर्यंत. रागावत नसत, फक्त घास थांबायचा. चौथीत असताना मी एकदा जेवताना वर्गातलं भांडण सांगायला घेतलं. भांडणात बरीच मुलं होती आणि मला कुणालाच वगळायचं नव्हतं. शेवटी आई म्हणाली, "अरे, जेवू दे त्यांना. कालवण गार झालं." बाबांचा घास तोवर ताटाच्या वर अधांतरी होता.

बारावीनंतर मी रसायनशास्त्र घेणार, यावर घरात वाद नव्हता. कुठे घेणार, यावरही नव्हता, कारण वाद व्हायला दोन माणसांना बोलावं लागतं. माझ्यासमोर दोन कॉलेजं होती. एक घराजवळचं, इतकं जवळ की आईने गॅलरीतून हाक मारली तर पहिल्या बाकावर ऐकू येईल. दुसरं पुण्याचं, जुनं, दगडी, वसतिगृहाचं. मला पुण्याला जायचं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी एकुलता एक होतो आणि फार पुस्तकं वाचलेली होती. पुस्तकांतली चांगली मुलं असं तोंडाने मागत नाहीत, ती खिडकीबाहेर बघतात आणि मोठ्यांना ते कळतं. मी खिडकीबाहेर खूप बघितलं. आमच्या खिडकीबाहेर समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी आहे. आईला वाटलं, पाणी आलं की नाही ते मी बघतोय. एक-दोनदा तिने मोटर चालू करायला सांगितली.

बाबांनी मला दोन्ही कॉलेजं दाखवली. घराजवळच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहिले, एक लांब श्वास घेतला आणि बाहेर आले. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"बघू," बाबा म्हणाले.

पुण्यालाही तेच. दगडी जिना, उंच छत, दारातून येणारा अमोनियाचा झणका. बाबांनी श्वास घेतला, डोळे किंचित मिटले, उघडले. परतीच्या एसटीत घाट उतरेपर्यंत मी धीर धरला आणि मग विचारलं.

"बघू."

बारावीच्या प्रात्यक्षिकात क्षार ओळखायला देतात. पांढरी पूड असते, ती मीठही असू शकते आणि विषही. आधी कोरडी परीक्षा, मग ओली. बाबांच्या 'बघू'वर मी या दोन्ही परीक्षा केल्या. पनवेलचं 'बघू' लगेच आलं होतं, पुण्याचं जरा थांबून. थांबून आलं म्हणजे त्यात विचार आहे, की नकार आहे? पनवेलच्या 'बघू'नंतर त्यांनी चहा मागवला होता. पुण्याच्या 'बघू'नंतर झोपले. अनुमान काही निघेना. शेवटी एका शुक्रवारी मी सरळ विचारलं, अर्थात जेवण झाल्यावर. ते म्हणाले, "रविवारी बोलू. नीट बसून." बाबांनी बोलण्यासाठी वार ठरवून दिल्याचं मला दुसरं आठवत नाही.

शनिवारी दुपारी ते गेले. कारखान्यातून अर्ध्या दिवसाने घरी आले, खुर्चीत बसले, आईकडे पाणी मागितलं. आई पाणी घेऊन आली तेव्हा ते गेलेले होते. याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही. बऱ्याच दिवसांत हे एवढंच लिहून झालं आहे.

सुतकाच्या दिवसांत माणसं भेटायला येतात. खाली सतरंजीवर बसतात, पाणी घेतात, पंख्याकडे बघतात. मेलेल्या माणसाबद्दल बोलण्यासारखं पहिल्या काही मिनिटांत संपतं, कारण सगळ्यांचं एकच असतं: असं कसं झालं, परवा तर भेटले होते. मग शांतता. आणि सुतकाच्या घरातून उठताना 'येतो' म्हणत नाहीत. त्यामुळे उठायला दुसरं काहीतरी वाक्य लागतं. आमच्या घरी ते वाक्य आयतंच होतं. मी भिंतीशी पुस्तक न उघडता बसलेला असे, आणि निकाल नुकताच लागला होता. पाहुण्यांची नजर पंख्यावरून उतरायची ती माझ्यावर.

"मग आता, पुढे काय?"

"रसायनशास्त्र."

"अच्छा. कुठे?"

तिथे मी थांबत असे आणि मग सगळे मिळून ठरवत. एक म्हणे इंजिनिअरिंग सोडू नकोस, दुसरा म्हणे बीएस्सी करून काय मिळतं, तिसऱ्याच्या भाच्याने तेच केलं आणि आता तो कॅनडात थंडीने वैतागलाय. ज्यांना आईकडे बघवत नव्हतं, ते माझ्या कॉलेजकडे बघत होते. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटत होतं की मी फार महत्त्वाचा आहे.

काका विचुंब्याहून रोज यायचे. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. रेती-खडीचा धंदा, आणि गावातल्या आमच्या जुन्या शेतात आता त्यांची बिल्डिंग उभी आहे. भाऊ गेल्यावर दहाव्यापर्यंत ते एकदाही माझ्यासमोर रडले नाहीत. त्याऐवजी घरातल्या वस्तू दुरुस्त करत सुटले. नळ झाला, दाराची कडी झाली, मग माझ्यावर आले.

"केमिस्ट्री म्हंजे मेडिकलच ना?"

"नाही काका. ते फार्मसी."

"तेच ते. गोल्या त्याच्यान पन आनि याच्यान पन. माज्या बिल्डिंगीत खाली गाला रिकामा हाय. तू शिक, आपन मेडिकल टाकू. आयस पन जवल, गाला पन जवल."

कोपऱ्यात मामा बसले होते. आईचे भाऊ, मूळचे उरणचे, पण पुण्यात नोकरीला लागले आणि तिथलेच झाले. ते शांतपणे म्हणाले, "पोरगं हुशार आहे, भाऊ. बाहेर जाऊ द्या त्याला."

"भायेर कनाला? अख्खी दुनिया पनवेलला येते. इमानतल पन पनवेललाच आला."

"विमानतळ लोकांना बाहेर पाठवायलाच असतो, भाऊ."

त्या घरात बाबा गेल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मीच तो. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी पुन्हा पंख्याकडे.

सुतक चालू असतानाच दोन्ही कॉलेजांच्या याद्या लागल्या आणि दोन्हींत माझं नाव आलं. प्रवेश नक्की करायची मुदत तेराव्याच्या जरा पुढे संपत होती. एखाद्याला आनंद झाला असता. मला वाटलं, एखाद्या यादीने तरी मला वगळायला हवं होतं. माझ्या वतीने ठरवायची एवढी मोठी संधी दोन्ही कॉलेजांनी घालवली.

दहावा गाढी नदीवर झाला. पाणी कमी होतं, जून असून पाऊस यायचा होता. घाटावर आमच्या आधी एका घरचं चाललं होतं आणि आमच्या मागे आणखी एक घर थांबलेलं होतं, त्यामुळे भटजी घाईत. माझं डोकं न्हाव्याने नुकतंच केलं होतं आणि टाळूला ऊन लागत होतं. पिंड मांडले. बाजूला पानावर बाबांना आवडायचं ते सगळं ठेवलं. सगळे मागे सरले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कावळा पिंडाला शिवला की गेलेला माणूस समाधानाने गेला असं मानतात. शिवला नाही, तर त्याच्या मनात काहीतरी राहिलंय. मग जवळच्यांनी ते ओळखायचं आणि मोठ्याने वचन द्यायचं.

कावळा होता. तारेवर बसून तो आमच्याकडे बघत होता. खाली येत नव्हता.

काका पुढे झाले. हात जोडून, खड्या आवाजात, जणू भाऊ नदीच्या पलीकडे उभा आहे असे म्हणाले, "दादा, वयनीला काय कमी पडनार नाय. मी हाय."

कावळ्याने मान वाकडी केली.

"दादा, तुजी स्कूटर मी इकनार नाय. चालू ठेवीन."

काही नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "पोराच्या लग्नाचं बोला." काकांनी माझं लग्न लावून द्यायचंही वचन दिलं. मी अठराही पुरा नव्हतो, डोक्यावर केस नव्हते, आणि त्या क्षणी मला हेच वाटलं की ह्या वचनाला कावळा आला तर काय करायचं. आला नाही. मागचे लोक घड्याळं बघायला लागले.

"शिक्षण," एका म्हाताऱ्या नातेवाइकाने सुचवलं. "त्याचा जीव पोराच्या शिक्षणात."

इथून पुढे माझं कॉलेज गाढी नदीच्या काठी, पंचवीस-तीस माणसांसमोर, एका कावळ्यापुढे मांडलं गेलं. कुणी इंजिनिअरिंग म्हणालं. कावळा तारेवरून उडून मागच्या खांबावर जाऊन बसला, म्हणजे आणखी लांब. "इंजिनिअरिंग नको म्हणतोय," म्हातारा गंभीरपणे म्हणाला. काकांनी मेडिकलचा गाळा देऊन बघितला. कावळ्याने पंख चोचीने साफ केला.

"तू बोल," भटजी मला म्हणाले. "मुलगा तू आहेस."

मी पुढे झालो. मला वचन सुचेना. माझ्या मनात रविवारी बसून बोलायचं राहिलेलं एवढंच होतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

"प्रश्न नाही विचारायचा," भटजी हळू आवाजात म्हणाले. "वचन द्यायचं."

मी मागे सरलो. आयुष्यातल्या पहिल्या तोंडी परीक्षेत मी नापास झालो होतो.

मग दोन माणसं एकदम पुढे आली. काका म्हणाले, "दादा, पोराला पनवेललाच ठेवतो, आयशीजवल." आणि अगदी त्याच वेळी मामा म्हणाले, "दाजी, पोराला पुण्याला नेतो, मी आहे तिथे." दोघांचे शब्द एकमेकांत अडकले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघेही ओशाळून गप्प झाले. बाकीचेही गप्प झाले, कारण आता काय म्हणावं ते कुणालाच कळेना.

आणि कावळा आला. सरळ पिंडावर. शिवला, पानावरचा बोंबील उचलला आणि गेला.

"ऐकला बग!" काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. "पनवेल!"

"माझं संपल्यावर आला," मामा म्हणाले. "पुणे."

दहाव्याच्या जेवणाला मांडवात दोन बाजू झाल्या. साक्षी काढल्या गेल्या. कुणाचं वाक्य आधी संपलं, कावळ्याची मान कुणाकडे होती. एकाने मोबाइलवर चित्रण केलं होतं, पण त्यात आधी माझी टाळू आणि मग सगळं आकाशच आलं होतं. विचुंब्याकडच्यांचं म्हणणं, कावळा नदीवरचा, म्हणजे पनवेलचाच. तो पोराला पुण्याला का पाठवील? मामांचं म्हणणं, दाजींची इच्छा कावळ्याच्या पत्त्यावर ठरत नसते. मी जेवत होतो आणि कुणी मला विचारत नव्हतं. खरं सांगायचं तर विचारलं नाही याचं मला बरंच वाटत होतं. कारण मलाही कावळ्याने कुणाचं ऐकलं तेच जाणून घ्यायचं होतं.

हे लिहायला मला लाज वाटते. आवर्तसारणी मला उलटीसुद्धा म्हणता येत होती. शाळेतल्या विज्ञान मंडळात मी अंधश्रद्धेवर भाषण केलं होतं आणि बक्षीस म्हणून स्टीलचा डबा घेतला होता. आणि आता ज्या निर्णयावर माझी पुढची सगळी वर्षं अवलंबून होती, तो मी एका पक्ष्याच्या जेवणाच्या वेळेवर सोडून बसलो होतो. पण बाबांचं उत्तर मिळायची दुसरी जागा उरली नव्हती. माणूस बुडताना काडीची जात विचारत नाही.

म्हणून मी प्रयोग करायचं ठरवलं. तेरावं झाल्यावर, सकाळी, आमच्या इमारतीच्या गच्चीवर. उद्देश: कावळा कोणत्या वाक्याला येतो ते पाहणे. साहित्य: भात. कृती: कठड्यावर भाताचा गोळा ठेवणे, चार पावलं मागे सरणे, "पनवेल" म्हणणे, थांबणे. मग दुसरा गोळा आणि "पुणे". मग तिसरा, काहीही न बोलता, तुलनेसाठी. मी मनातल्या मनात ते जर्नलमध्ये लिहितात तसं लिहूनही काढलं. आकृतीची जागासुद्धा सोडली.

निरीक्षण असं की कावळे सगळ्यालाच आले. पनवेलला आले, पुण्याला आले, काही न बोलता आले, मी गोळा ठेवायच्याही आधी आले. मी "पनवेल" जरा खालच्या आवाजात म्हणत होतो, हेही माझ्या लक्षात आलं. म्हणजे प्रयोग करणाराच बेइमान होता. शिवाय नमुनाच शुद्ध नव्हता. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरच्या खालांनी पावसाच्या आधी करायचं जवळ्याचं, म्हणजे बारीक कोळंबीचं, वाळवण घातलं होतं. आमच्या इमारतीत सगळे त्यांना खालाच म्हणतात, म्हणजे मावशी. त्यांचे यजमान मस्कतला असतात. सुतकात आमच्याकडे सकाळचा चहा त्यांच्याकडून येत होता. त्या वेळी त्या काळा फडका बांधलेली काठी घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या होत्या आणि मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांनी मात्र सगळं पाहिलं होतं.

"काय रे बाबा," त्या म्हणाल्या, "मी हाकलतेय आनि तू दावत देतोस?"

मी हातातला गोळा पाठीमागे लपवला.

"आनि पुना-पनवेल काय वरडतोस? कंडक्टर झालास काय?"

मला सांगावं लागलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मग काठी भिंतीला टेकवून त्या म्हणाल्या, "तुझे बाबा भले मानूस होते. अल्ला त्यांना सुकून देवो. पन घरात जित्ती आई हाय, तिला इचारलंस?"

आणि मी उत्तर द्यायच्या आत त्या खाली जाऊन आईला घेऊन आल्या.

आई प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा त्याच आठवड्यात उघडणार होती. ती गच्चीवर आली, कठड्यावरचे भाताचे गोळे बघितले, माझी टाळू बघितली आणि पहिली-दुसरीच्या मुलांना विचारते त्या आवाजात म्हणाली, "घाबरू नकोस. पहिल्यापासून नीट सांग. तिथे काय झालं?"

नदीवर ती आली नव्हती. काकांनी आणि मामांनी तिला आपापलं सांगितलं होतं, दोन्ही वेगवेगळं. मी तिसरं सांगितलं. स्कूटर, लग्न, इंजिनिअरिंग, गाळा.

"तू काय म्हणालास?"

"मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं."

आईने खालच्या रस्त्याकडे बघितलं. तिकडेच बघत म्हणाली, "मग?"

"मग काका आणि मामा एकदम बोलले. मग गप्प झाले. मग आला."

"म्हणजे आला तेव्हा कोण बोलत होतं?"

"कोणीच नाही."

"सगळे गप्प होते?"

"हो."

"अरे मग," आई म्हणाली, "त्यात एवढं काय कळायचं राहिलं? जेवताना त्यांना कधी कुणी बोललेलं चाललंय का?"

खाला जवळा हलवता हलवता थांबल्या. माझ्या डोळ्यांसमोर तारेवरचा कावळा नव्हता, ताटावर थांबलेला घास होता. कालवण गार होत होतं आणि आम्ही पंचवीस-तीस माणसं त्यांना विचारत होतो.

मला रडायला यायला लागलं, तेव्हा ते लपवायला मी भाषण सुरू केलं. ते मी सुतकातच तयार केलेलं होतं. मी म्हटलं, आई, मी पनवेललाच राहतो. तुला एकटीला टाकून मी कुठेही जाणार नाही. शिक्षण काय, कुठेही होतं. भाषणात आणखी दोन परिच्छेद होते.

"माझ्यासाठी राहणार?"

"हो."

"घरात असतोस तेव्हा तू काय करतोस रे?"

मी भाषणातले उरलेले दोन परिच्छेद मनात चाळू लागलो.

"पुस्तक वाचतोस," आई म्हणाली. "मी हाक मारली की 'हं' म्हणतोस. दुसऱ्यांदा मारली की पुन्हा 'हं'. तेवढ्यासाठी घरी कशाला राहायला हवंय? ते मला फोनवर चालेल."

खालांना आता हसू आवरलं नाही. त्यांनी ओढणी तोंडाला लावली.

"कावळ्याचं राहू दे, काकांचं राहू दे," आई म्हणाली. "मला सांग. तुला कुठे जायचंय?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. बाबा गेल्यापासून मीही स्वतःला नाही. इतके दिवस मी सगळ्यांच्या तोंडाकडे आणि कावळ्याच्या चोचीकडे बघत होतो. जेवढ्या आवाजात "पनवेल" म्हणत होतो त्याहून बारीक आवाजात मी म्हटलं, "पुण्याला."

 आईने कठड्यावरचा भात गोळा करून हातात घेतला, दाणा न् दाणा. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. गोळा करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती म्हणाली, "बघू."

आणि भात घेऊन खाली गेली.

या 'बघू'ची मला परीक्षा करावी लागली नाही. मी खाली आलो तेव्हा माळ्यावरची बाबांची बॅग जमिनीवर होती आणि आई ओल्या फडक्याने तिच्यावरची धूळ पुसत होती, जरा जास्तच जोर लावून. बॅग उघडली तर आत अजून थिनरचा वास होता. आम्ही दोघांनी तो घेतला. ती म्हणाली, "उन्हात ठेवू नकोस. उडून जाईल."

काकांना वाटलं त्यांची फसवणूक झाली. दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आले, त्यात तांदळाची गोण, एक गादी आणि एक टेबल फॅन. "पुन्याचा तांदूल खाऊ नको, चव नाय त्याला," एवढंच म्हणाले. गाळा त्यांनी अजून भाड्याने दिलेला नाही. आता मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आजही भेटलो की ते विचारतात, "संपली का केमिस्ट्री?"

मी रोज फोन करतो. आई शाळेतल्या गोष्टी सांगते, मी "हं" म्हणतो. कधी कधी ती गप्प होते. मग मी दोन वाक्यं बोलतो, कारण तिकडून "हं" ऐकायला मला बरं वाटतं.

दरवर्षी श्राद्धाला मी पनवेलला येतो. पान आम्ही गच्चीवरच ठेवतो. खाला त्या दिवशी काठी घेऊन बसत नाहीत. गेल्या वर्षी काका आणि मामा दोघेही होते आणि कावळा समोरच्या टाकीवर बसला होता. बराच वेळ झाला. काका अस्वस्थ झाले, हात जोडून एक पाऊल पुढे सरले. त्यांच्या मनात माझ्या नोकरीचं काहीतरी असावं, किंवा पुन्हा लग्नाचं.

"दादा," त्यांनी सुरुवात केली.

"भावोजी," आई हळूच म्हणाली, "जेवू द्या त्यांना."

काका गप्प झाले. आम्ही सगळेच गप्प उभे राहिलो.